‘सिस्टीम’ चुकते तेव्हा

विरार पूर्वेला फुलपाड्यात आमच्या ओळखीच्या एक आजी राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. नेमके किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. ‘भाताची कापणी चालू होती तेव्हा तू झालीस’ एवढेच त्यांच्या आईने सांगून ठेवलेले. गेल्या पावसाळ्यात ताप उतरेना म्हणून त्यांना एका रुग्णालयात नेले. केसपेपरच्या खिडकीवरील मुलाने जन्मतारीख विचारली. ती भरल्याशिवाय संगणक पुढे जाईना. मागे रांग वाढत होती. त्याने १ जानेवारी ही तारीख आणि अंदाजाने एक साल टाकले आणि कागद हातात दिला.

दोन वर्षांपूर्वी याच रुग्णालयात दुसऱ्या कुणी तरी असेच केले होते. फक्त साल वेगळे टाकले होते. त्यामुळे संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका ठरल्या. आजींना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे ही नोंद जुन्या बाईच्या नावावर राहिली आणि नव्या बाईचा रकाना कोरा निघाला. इंजेक्शनची तयारी झाली तेव्हा सून शेजारी उभी होती, तिला आठवले, म्हणून निभावले. नंतर विचारणा केली तर उत्तर मिळाले, ‘‘आमची चूक नाही, सिस्टीमनेच तसे घेतले.’’

या प्रसंगात कुणीच कामचुकार नव्हते. खिडकीवरचा मुलगा भराभर काम करत होता, डॉक्टरांनी समोर दिसणारी नोंद वाचली होती, संगणकही बंद पडला नव्हता. ठरवून दिलेले काम त्याने चोख केले. मग चूक कुठे होती? सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेविषयी हा मूळ प्रश्न आहे, आणि आपली नोंदणी, तपासण्या, औषधे आणि विम्याचे दावे झपाट्याने संगणकावर जात असताना तो केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

या प्रश्नाकडे पाहायला एका माणसाची कारकीर्द उपयोगी पडते. ती बहुतांशी मुंबईत घडली आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या वळणावर रुग्णालयाचाच हिशेब होता.

वीजवाहिन्यांपासून सुरुवात

फकीरचंद कोहली यांचा जन्म १९ मार्च १९२४ रोजी पेशावरचा. लाहोरला पदवी घेतल्यानंतर कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेतील एमआयटीत त्यांनी विद्युत अभियांत्रिकी शिकली. १९५१ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईला वीज पुरवणाऱ्या टाटा इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या या माणसाने कारकिर्दीची पहिली सुमारे अठरा वर्षे विजेच्या भाराचे नियोजन करण्यात घालवली.

हे काम काय असते? वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. खोपोली, भिवपुरी, भिरा येथील जलविद्युत केंद्रे आणि ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र मिळून जितकी वीज बनवतील आणि शहर जितकी खाईल, त्यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. संध्याकाळी गाड्यांची गर्दी वाढली, गिरणीची पाळी सुरू झाली, एखादी वाहिनी तुटली, की काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. एका ठिकाणचा बिघाड दुसऱ्या ठिकाणी पसरू द्यायचा नाही, हा तिथला पहिला धडा. या आकडेमोडीसाठी टाटा इलेक्ट्रिकने साठच्या दशकातच संगणक वापरायला सुरुवात केली. ग्रिडच्या नियंत्रणासाठी डिजिटल संगणक वापरणाऱ्या जगातील मोजक्या वीज कंपन्यांत तेव्हा तिची गणना होई.

१९६८ साली टाटा समूहाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे आजची टीसीएस, सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील गार्मिश येथे एक परिषद भरली. मोठ्या संगणकप्रणाली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि तयार झाल्यावर त्या भरवशाच्या नसतात, अशी चिंता तिथे जमलेल्यांना होती. पूल बांधायला जशी अभियांत्रिकी लागते तशी सॉफ्टवेअरलाही हवी, या विचाराने ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, कोहलींकडे टीसीएसची सूत्रे आली. त्यांना संगणकाचा व्यवसाय नवा होता. पण गुंतागुंतीची, न थांबणारी आणि चुकली तर शहर अंधारात घालणारी व्यवस्था कशी चालवायची, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

रुग्णालयाचा हिशेब, १९७४

तो काळ परवान्यांचा होता. संगणक आयात करायचा तर दिल्लीच्या परवानगीसाठी वर्षे जात, आणि त्या बदल्यात परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्यावी लागे. टीसीएसने अमेरिकेच्या बरोज कंपनीशी संबंध जोडले. १९७४ च्या सुमारास बरोजकडून आलेले काम होते रुग्णालयांच्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचे. ते बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबोल भाषेत लिहिलेले होते. ते लहान यंत्रांवर चालेल असे करून द्यायचे होते. भाषा एकच, पण बोली वेगळी, असा प्रकार. भारतातून झालेल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी सुरुवातीच्या कामांत याची नोंद होते.

हे काम मुंबईत आयसीएल १९०३ या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रावर पार पडले. म्हणजे ज्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर करायचे ते वेगळे आणि हाताशी असलेले वेगळे. अशा वेळी सोपा वाटणारा मार्ग एकच: वीस-पंचवीस जणांना बसवायचे आणि हजारो ओळी एकेक करून हाताने बदलायच्या. टीसीएसच्या अभियंत्यांनी तसे केले नाही. जुना कार्यक्रम वाचून नव्या बोलीत उतरवणारा दुसरा कार्यक्रम त्यांनी लिहिला. त्याला ते ‘फिल्टर’ म्हणत.

गुणवत्तेचा पहिला धडा या फिल्टरमध्ये आहे. हाताने बदललेल्या हजार ओळींत चूक कुठेही आणि कशीही होऊ शकते. ती एका ठिकाणी सापडली म्हणून दुसरी सापडेल याची खात्री नसते. फिल्टरमध्ये चूक झाली तर ती सगळीकडे एकसारखी होते. म्हणून ती दिसते आणि एकदा दुरुस्त केली की सगळीकडून जाते. हुशार माणसाच्या डोळ्यांत तेल घालून काम करण्यावर विसंबण्यापेक्षा, चूक होणारी जागाच कमी करावी, हा कारखान्यातला जुना विचार इथे सॉफ्टवेअरला लागू झाला. पुढे १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झाले. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या साधनांवर तिथे अनेक वर्षे संशोधन झाले. त्याची बीजे या दृष्टीतच होती.

चुका मोजायला लागल्यावर

हाच विचार अमेरिकेत वॉट्स हम्फ्री यांनी शिस्तीत बसवला. आयबीएममध्ये २७ वर्षे काढून ते १९८६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले. संस्थेची कामाची पद्धत किती परिपक्व आहे हे एक ते पाच पायऱ्यांत मोजणारे ‘सीएमएम’ हे मापन त्यांच्या कामातून उभे राहिले. नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांनी ते मनापासून स्वीकारले आणि पाचवी पायरी गाठणाऱ्यांत त्या जगात आघाडीवर राहिल्या. परदेशी ग्राहकाला बंगळूरु, मुंबई, पुण्यातील अनोळखी कंपनीवर विश्वास ठेवायला या प्रमाणपत्राने मोठा आधार दिला.

हम्फ्रींनी आणखी एक काम केले. प्रोग्रामरना त्यांनी स्वतःच्या चुकांची वही ठेवायला लावली. त्यातून पुढे आलेला आकडा आजही दचकवतो: अनुभवी प्रोग्रामर सरासरी दर नऊ-दहा ओळींमागे एक चूक करतो. त्यातल्या बऱ्याच लगेच पकडल्या जातात. पण एखादी प्रणाली काही लाख ओळींची असेल तर शेवटच्या तपासणीत सगळ्या चुका सापडतील, ही आशा गणितानेच खोटी ठरते. म्हणून हम्फ्रींचे सांगणे असे, की गुणवत्ता शेवटी तपासून आत घालता येत नाही. ती पहिल्या दिवसापासून कामात असावी लागते. चुलीवरची डाळ करपल्यावर वरून कोथिंबीर घालून उपयोग नसतो, तसेच हे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. पद्धत चोख असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे वस्तू उपयोगाची असल्याची हमी नव्हे. ‘जन्मतारीख सक्तीची’ असे एखाद्याने कागदावर लिहून दिले, तर पाचव्या पायरीवरची कंपनीही ते अगदी बिनचूक बनवून देईल. आजींची अडचण नेमकी तिथे आहे. तिथे प्रोग्रामरची चूक नव्हती. ज्याने मागणी लिहिली त्याने फुलपाड्यातल्या आजी डोळ्यांसमोर आणल्या नव्हत्या.

खिडकीवरच्या माणसाचे ऐका

वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या इतिहासातील सर्वात जास्त अभ्यासली गेलेली दुर्घटना ‘थेरॅक-२५’ या यंत्राची आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे कॅनडात बनलेले यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रावर सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट, काहींना तर शंभरपटीच्या घरात, मात्रा बसली. त्यातले किमान तीन दगावले.

आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा रोखणारे विद्युत-यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली गेली, आणि जुन्या यंत्रातील सॉफ्टवेअरचा भाग तसाच पुढे वापरला गेला. जुन्या यंत्रातही दोष होता. पण अडसरांमुळे तो कधी कुणाला इजा करू शकला नव्हता. अडसर गेले आणि दोष मोकळा झाला. तंत्रज्ञ सरावाने भराभर टंकून आकडे दुरुस्त करू लागली, की काही सेकंदांच्या त्या खिडकीत यंत्राचा एक भाग जुन्या आकड्यावर आणि दुसरा नव्यावर चालत असे. पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ असा संकेत येई. त्याचा अर्थ मार्गदर्शक पुस्तिकेत कळेल असा दिलेला नव्हता.

उत्पादकाला हा दोष पुन्हा घडवून दाखवता येत नव्हता, म्हणून तो असा काही घडूच शकत नाही असे सांगत राहिला. टेक्सासमधील रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांनी पुन्हा पुन्हा तीच कृती करून टंकण्याच्या वेगाशी असलेला संबंध शोधून काढला. रोज यंत्र हाताळणाऱ्या बाईंना जे दिसले ते कारखान्यात बसून दिसले नव्हते.

‘सिस्टीम चुकत नाही’ या समजुतीची किंमत ब्रिटनने वेगळ्या क्षेत्रात मोजली. तिथल्या टपाल खात्याच्या ‘होरायझन’ हिशेबप्रणालीत तूट दिसली म्हणून १९९९ पासून पुढची पंधराएक वर्षे नऊशेहून अधिक शाखाचालकांना दोषी ठरवले गेले. तूट त्यांच्या गल्ल्यात नव्हती, प्रणालीत होती. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणकाचा आकडा आणि माणसाचे म्हणणे यांत तफावत पडली, तर माणूसच खोटा, असे त्या व्यवस्थेने धरले होते. केसपेपरच्या खिडकीवर मिळणारे उत्तर याच जातीचे आहे, फक्त आकाराने लहान.

बिघाड पसरू नये म्हणून

कोहलींच्या मूळ क्षेत्राकडे परत येऊ. वीज अभियंता असे कधी म्हणत नाही की आमची वाहिनी तुटणारच नाही. तो म्हणतो, तुटेल तेव्हा बाकीचे शहर कसे वाचवायचे ते आज ठरवू. मोठी ग्रिड कोसळली तर मुंबई तिच्यापासून अलग होऊन स्वतःच्या विजेवर चालावी, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था यासाठीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती टिकली नाही. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसर अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर आली. विरारच्या प्रवाशांना रुळांवरून चालत निघालेली माणसे आठवत असतील. व्यवस्था कागदावर असणे आणि ती प्रसंगी चालणे यांत अंतर असते, हे त्या दिवशी कळले. आणि म्हणूनच तिची सतत तालीम लागते. कोहली यांचे निधन त्यानंतर दीडेक महिन्याने, २६ नोव्हेंबर २०२० रोजी झाले.

सॉफ्टवेअरच्या जगाने हा धडा पुरता घेतलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ब्रिटनमध्ये अनेक दवाखान्यांत डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. चूक एका फाइलमधली होती. पण ती सगळ्यांकडे एकाच वेळी पाठवली गेली होती. आधी थोड्या यंत्रांवर, मग पुढे, अशी टप्प्याटप्प्याने गेली असती तर बरेच नुकसान टळले असते. त्या दिवशी ज्यांच्याकडे कागद आणि पेन तयार होते त्यांचे काम मंद झाले, थांबले नाही.

कुणासाठी बनवले?

चुका टाळणे आणि बिघाड रोखणे एवढ्यानेही काम पुरे होत नाही. २८ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी ‘कोविन’ची नोंदणी खुली झाली आणि ओटीपीची वाट पाहत लाखो लोक फोन धरून बसले. सुरुवातीला प्रणाली अडखळली; तरी त्या दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. तांत्रिकदृष्ट्या हा पराक्रमच. पण संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. मराठीसह इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजी होते त्याला दूरच्या गावातल्या केंद्रावरचीही वेळ मिळे आणि त्या गावातला माणूस मागे राहू शके. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. त्यानंतर थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची सोय सर्वत्र झाली आणि चित्र सुधारले. सॉफ्टवेअरमध्ये जे नव्हते ते केंद्रावरच्या परिचारिकेने भरून काढले.

कोहलींनी आयुष्याच्या उत्तरार्धात घेतलेले काम या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००० साली त्यांच्या पुढाकाराने संगणकाच्या साहाय्याने प्रौढ साक्षरतेचा उपक्रम सुरू झाला. जुन्या, टाकाऊ ठरलेल्या संगणकांवर चित्रे आणि आवाज वापरून निरक्षर प्रौढांना सुमारे चाळीस तासांत स्वतःच्या भाषेतले साधे वाचन जमावे, असा त्याचा बेत होता. सुरुवात तेलुगूत झाली, पुढे मराठीसह इतर भाषांत तो आला. इथे मोजमाप वेगळे होते. किती ओळी लिहिल्या किंवा किती चुका काढल्या, हे नव्हे. समोरच्या बाईला बसवरची पाटी वाचता आली की नाही, हे.

आता मागायचे काय?

कायद्याने काही पावले टाकली आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आणि निदान वा उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला जोखमीनुसार परवाना लागू झाला. पण केसपेपर, नोंदी आणि बिले सांभाळणारी साधी प्रणाली या व्याख्येत थेट बसत नाही. आजींची ॲलर्जी मात्र तिथेच हरवली. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून अशा नोंदी एकमेकांशी जोडल्या जात आहेत. एका ठिकाणची चुकीची नोंद उद्या दहा ठिकाणी दिसेल. तशीच बरोबर नोंदही दिसेल. कोणती दिसायची, हे आज ठरते आहे.

म्हणून वसई-विरारसारखी महापालिका असो की एखादे खासगी रुग्णालय, प्रणाली विकत घेताना किंमत आणि मुदत यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी करारात मागायला हव्यात. जन्मतारीख ‘माहीत नाही’ असे लिहिता येते का, आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी सापडल्यास त्या जोडण्याची सोय आहे का? प्रणाली बंद पडली तर कागदावर काम कसे चालेल, आणि त्याची तालीम वर्षातून किती वेळा होणार? खिडकीवरचा कर्मचारी आणि परिचारिका यांनी सांगितलेली अडचण नोंदवण्यासाठी वही आहे का, आणि ती कोण वाचते? आणि शेवटचे, चूक झाली तर उत्तर देणारा माणूस कोण, त्याचे नाव आणि फोन नंबर भिंतीवर आहे का?

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. रुग्णालयाच्या हिशेबाचे काम मुंबईत झाले त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्या काळात आपण जगाची सॉफ्टवेअर बनवायला शिकलो. पाचव्या पायरीचे प्रमाणपत्र ज्या देशाला जमले, त्याला आपल्याच केसपेपरच्या खिडकीवर एक ‘माहीत नाही’ असा पर्याय देणे जमू नये, असे नाही. तो कुणी मागितलेला नाही, एवढेच.

आजींच्या सुनेने आता एक उपाय केला आहे. ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे जाड शाईने लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा ती त्यांच्या पिशवीत ठेवते. सिस्टीम चालू असो वा बंद, तो वाचता येतो.